मेमरीची पानं ‘पिसणं’ म्हणजे काय? लिनक्स कर्नल स्वतःचाच क्रम मुद्दाम का बिघडवतं?

पत्ते वाटायच्या आधी ते पिसतात, हे कुणाला वेगळं सांगायला नको. न पिसता वाटले तर कुणाकडे कोणतं पान जाणार, हे आधीच कळतं आणि खेळ बिघडतो.

कॉम्प्युटरच्या आतही असंच एक वाटप दर क्षणी चालू असतं. तिथली पानं असतात मेमरीची आणि ती वाटतं ऑपरेटिंग सिस्टिमचं कर्नल. हे वाटप वर्षानुवर्षं जवळपास ठरलेल्या क्रमाने व्हायचं. मग २०१९ मध्ये लिनक्स कर्नलमध्ये एक सोय आली : वाटण्याआधी पानं पिसून घ्यायची.

व्यवस्थित लावलेला क्रम मुद्दाम विस्कटायचा, हे ऐकायला उलटं वाटतं. पण त्यामागे दोन ठोस कारणं आहेत. एक वेगाचं, दुसरं सुरक्षेचं. आणि रत्नागिरीत बसून पावसाचा अंदाज मोबाईलवर बघणाऱ्या माणसाशीही या गोष्टीचा संबंध आहे. कसा, ते पाहू.

मेमरीचं ‘पान’ म्हणजे काय?

मोबाईल घेताना आपण ‘रॅम किती?’ असं विचारतो. ८ जीबी, १२ जीबी असं उत्तर मिळतं. ही रॅम म्हणजे कॉम्प्युटरची कामाची जागा. चालू असलेलं प्रत्येक अॅप, उघडलेला प्रत्येक फोटो काही काळ तिथे ठेवला जातो.

एवढी मोठी जागा एकेक बाइटने वाटणं परवडणारं नाही. म्हणून कर्नल तिचे सारख्या मापाचे तुकडे करतं. या तुकड्याला पेज, म्हणजेच पान म्हणतात. बहुतेक कॉम्प्युटरवर एक पान ४ केबीचं, म्हणजे ४,०९६ बाइट्सचं असतं. या हिशेबाने १६ जीबी रॅममध्ये ४१,९४,३०४ पानं होतात.

अॅप उघडलं की ते कर्नलकडे पानं मागतं, बंद केलं की पानं परत जातात. सेकंदाला हजारो वेळा अशी देवाणघेवाण चालू असते. त्यामुळे कोणतं पान रिकामं आहे आणि कोणतं कुणाकडे आहे, याची चोख वही कर्नलला ठेवावी लागते.

हे वाटप नेमकं कसं होतं?

लिनक्समध्ये यासाठी ‘बडी अॅलोकेटर’ नावाची पद्धत आहे. बडी म्हणजे जोडीदार.

हापूसच्या पेटीचं उदाहरण घ्या. समजा व्यापाऱ्याकडे चार डझनांच्या पेट्या आहेत. गिऱ्हाईकाला एकच डझन हवा आहे. व्यापारी पेटी फोडतो आणि दोन डझनांचे दोन भाग करतो. त्यातल्या एका भागाचे पुन्हा एकेक डझनाचे दोन भाग करतो, एक गिऱ्हाईकाला देतो आणि उरलेले वेगवेगळ्या मापांच्या रांगेत लावून ठेवतो. पुढे तो डझन परत आला आणि त्याचा मूळ जोडीदार अजून रिकामाच असेल, तर दोघं पुन्हा एक होतात. असं करत करत पूर्ण पेटी परत तयार होते.

बडी अॅलोकेटर हेच करतो. १ पान, २ पानं, ४ पानं, ८ पानं अशा दुपटीच्या मापाने तो रिकाम्या जागेच्या याद्या ठेवतो. नेहमीच्या रचनेत सर्वांत मोठं माप १,०२४ पानांचं, म्हणजे ४ एमबीचं असतं.

या पद्धतीचा जनक कोण, तर हॅरी मार्कोविट्झ. १९६३ मध्ये त्यांनी ती शोधली, असं कॉम्प्युटर शास्त्रज्ञ डोनाल्ड नूथ यांनी नोंदवलं आहे. याच मार्कोविट्झना पुढे १९९० मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, पण ते गुंतवणुकीच्या सिद्धांतासाठी.

मुद्दा असा की, मशीन सुरू होतं तेव्हा ही सगळी पानं पत्त्यांच्या क्रमाने यादीत जातात. साहजिकच वाटपही बरंचसं त्याच क्रमाने होतं. आज हे पान गेलं, तर पुढचं बहुधा त्याच्या शेजारचं.

मग क्रमाने वाटलं तर बिघडलं कुठे?

साध्या लॅपटॉपवर फारसं काही बिघडत नाही. पण काही मशीनमध्ये मेमरीच्या दोन पायऱ्या असतात. एक मोठी पण तुलनेने संथ, दुसरी लहान पण वेगवान. लहान मेमरी मोठीच्या पुढे ‘कॅश’ म्हणून काम करते. वारंवार लागणारी माहिती तिथे राहते, म्हणजे दर वेळी संथ मेमरीपर्यंत जावं लागत नाही.

ही कॅश कित्येक जीबींची असते. एवढ्या मोठ्या कॅशमध्ये ‘कोण कुठे बसणार’ याचा नियम सोपा ठेवावा लागतो. सर्वांत सोपा नियम असा : प्रत्येक पत्त्याची कॅशमधली जागा ठरलेली. दुसरीकडे बसायचं नाही.

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरासारखी एक जेटी डोळ्यांसमोर आणा. समजा जेटीवर १०० जागा आहेत आणि नियम असा की, बोटीच्या क्रमांकाचे शेवटचे दोन अंक हीच तिची जागा. ११४५ क्रमांकाची बोट ४५ नंबरला लागणार. २०४५ क्रमांकाची बोटही ४५ नंबरलाच लागणार. ४६ नंबरची जागा रिकामी असली तरी उपयोग नाही. दुसरी आली की पहिलीला बाहेर जावं लागणार. पहिलीला परत यायचं असेल तर दुसरीला हलावं लागणार.

आता गंमत बघा. बंदरात बोटींचे दोन गट आहेत आणि प्रत्येक गटात ०० ते ९९ अशा शेवटच्या अंकांच्या १०० बोटी आहेत. दोन्ही गटांनी आपापल्या २० बोटी क्रमाने पाठवल्या, तर दोन्हीकडून ०० ते १९ याच जागांवर गर्दी होईल. ४० बोटी २० जागांसाठी भांडत बसतील आणि ८० जागा रिकाम्या राहतील. बोटी जास्त झाल्या असं नाही. जागाही भरपूर आहे. अडचण केली ती क्रमाने.

मेमरीत नेमकं हेच होतं. १६ जीबीची अशी कॅश असेल आणि दोन पानांच्या पत्त्यांमध्ये बरोबर १६ जीबीचं अंतर असेल, तर ती दोन्ही पानं कॅशमधल्या एकाच जागेसाठी भांडतात. याला ‘कॅश कॉन्फ्लिक्ट’ म्हणतात. टक्कर झाली की माहिती पुन्हा संथ मेमरीतून आणावी लागते.

अशी मशीन खरंच असतात का?

असतात. इंटेलने २०१६ मध्ये ‘नाईट्स लँडिंग’ नावाचे प्रोसेसर बाजारात आणले. त्यांच्यात प्रोसेसरसोबतच १६ जीबीची वेगवान मेमरी होती आणि ती अशी कॅश म्हणून वापरता यायची. २०१९ मध्ये इंटेलची ‘ऑप्टेन’ मेमरी सर्व्हरसाठी आली. तिच्या एका मोडमध्ये नेहमीची रॅमच कॅश बनायची. २०२२ मध्ये इंटेलने ऑप्टेनचा व्यवसाय गुंडाळायला घेतला, पण पुढे आलेल्या ‘झिऑन मॅक्स’ प्रोसेसरमध्येही वेगवान मेमरी कॅश म्हणून वापरायची सोय आहे.

नाईट्स लँडिंग महाराष्ट्रातही होतं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत, म्हणजेच आयआयटीएममध्ये, जानेवारी २०१८ मध्ये ‘प्रत्यूष’ हा महासंगणक सुरू झाला. त्याची क्षमता ४ पेटाफ्लॉप्स होती. तिचा मुख्य भार ३,३१५ नोडवरच्या ‘ब्रॉडवेल’ प्रोसेसरवर होता. त्यांच्या जोडीला नाईट्स लँडिंगचे १६ प्रोसेसरही बसवलेले होते.

महासंगणकांना याचा त्रास का व्हायचा?

हवामानाचं मॉडेल चालतं कसं, ते पाहिलं की हे लक्षात येतं. पृथ्वीचे छोटे छोटे चौकोन पाडतात आणि हे चौकोन हजारो प्रोसेसरमध्ये वाटतात. प्रत्येक टप्प्यावर शेजारच्या चौकोनांची माहिती एकमेकांना द्यावी लागते. म्हणजे एक नोड मागे पडला की बाकीचे त्याची वाट बघत थांबतात. सगळ्यांचा वेग सर्वांत संथ नोडएवढा होतो.

मशीन नुकतं सुरू केलेलं असताना पानं नीट ओळीने मिळतात आणि टक्कर कमी होते. पण कामं येत-जात राहिली की रिकाम्या पानांची यादी विस्कटत जाते. मग तोच प्रोग्राम काल वेगात चालला, आज रखडला, असं होऊ लागतं. नाईट्स लँडिंग वापरणाऱ्या महासंगणकांवर हा प्रश्न इतका गंभीर झाला की, एके ठिकाणी प्रत्येक काम संपल्यावर नोडच्या मेमरीचा वेग मोजायला सुरुवात झाली. तो सेकंदाला ३०० जीबीच्या खाली गेला की नोड सरळ रीबूट करायचा. कोट्यवधींच्या मशीनवर शेवटी उपाय तोच, जो हँग झालेल्या मोबाईलवर आपण करतो!

२०१९ मध्ये काय बदललं?

इंटेलमधले कर्नल डेव्हलपर डॅन विल्यम्स यांनी पानं पिसण्याचा बदल लिहिला. तो लिनक्स ५.२ या आवृत्तीत आला. ही आवृत्ती ७ जुलै २०१९ रोजी प्रसिद्ध झाली.

काम दोन टप्प्यांत होतं.

पहिला टप्पा : मशीन सुरू होताना रिकाम्या मेमरीच्या ४ एमबीच्या गठ्ठ्यांची यादी पिसली जाते. यासाठी ‘फिशर-येट्स’ ही १९३८ पासून माहीत असलेली रीत वापरतात. यादीतला एकेक गठ्ठा घ्यायचा, दुसरा कोणताही एक गठ्ठा यादृच्छिकपणे निवडायचा आणि दोघांच्या जागा बदलायच्या. यात मेमरीतली माहिती हलत नाही. बदलतो तो फक्त वाटपाच्या यादीतला नंबर.

दुसरा टप्पा : मशीन चालू असताना असा मोठा गठ्ठा परत आला की तो यादीच्या पुढे ठेवायचा की मागे, हे जणू नाणेफेक करून ठरतं. नाहीतर सुरुवातीची पिसाई काही वेळाने वाया गेली असती.

पण एकेक पान न पिसता ४ एमबीचे गठ्ठेच का पिसायचे? कारण सुट्या पानांच्या पातळीवर क्रम मोडला तर खर्च वाढतो आणि सलग मोठी जागा मिळणंही अवघड होतं. कॅशमधली टक्कर कमी करायला गठ्ठ्यांची पिसाई पुरते.

पिसल्यावर टक्कर पूर्ण थांबते का?

नाही. आणि तसा दावाही कुणी केलेला नाही.

पुन्हा जेटीवर या. दोन्ही गटांनी २०-२० बोटी क्रमाने न पाठवता चिठ्ठ्या टाकून पाठवल्या, तर काय होईल? पहिल्या गटाने १०० पैकी २० जागा घेतल्या. दुसऱ्या गटातल्या प्रत्येक बोटीची टक्कर व्हायची शक्यता २० टक्के. म्हणजे २० पैकी सरासरी ४ बोटी भांडतील. क्रमाने पाठवल्यावर सगळ्या २० जागांवर भांडण होतं, चिठ्ठ्या टाकल्यावर साधारण ४ जागांवर. एकही भांडण नको असेल तर दोन्ही गटांनी बसून नियोजन करायला हवं. पण कोणता प्रोग्राम केव्हा किती जागा मागेल, हे कर्नलला आधी कळत नाही. त्यामुळे तसं नियोजन जवळपास अशक्य आहे.

या बदलासोबत दिलेले चाचण्यांचे आकडेही हेच सांगतात. कॅशच्या तिप्पट मेमरी वापरणारी जावाची एक चाचणी घेतली गेली. पिसाई नसताना टकरींचं प्रमाण पहिल्या वेळी ८ टक्के होतं. मशीन वापरात राहिल्यावर ते २१ टक्क्यांवर गेलं. पिसाई चालू केल्यावर ते ११ टक्क्यांच्या आसपास स्थिर झालं.

हे आकडे नीट वाचायला हवेत. ११ टक्के हे ८ टक्क्यांपेक्षा वाईटच आहेत. म्हणजे पिसल्याने सर्वोत्तम वेग मिळत नाही. पण २१ टक्क्यांची वेळही येत नाही. ठरलेल्या वेळेत अंदाज द्यायचा असेल, तर कधी फार वेगवान, कधी फार संथ अशा मशीनपेक्षा भरवशाचं मशीन बरं.

आणि सुरक्षेचं काय?

हॅकरला सर्वांत जास्त काय आवडत असेल तर ते म्हणजे अंदाज बांधता येणारं मशीन.

म्हणूनच मेमरीतले पत्ते बदलते ठेवायची पद्धत आली. तिला ‘एएसएलआर’ म्हणतात. २००१ मध्ये पॅक्स नावाच्या प्रकल्पाने ती लिनक्ससाठी आणली, २००५ मध्ये ती मूळ लिनक्स कर्नलमध्ये आली. यात प्रोग्राम मेमरीत कुठून सुरू होतो, ते दर वेळी बदलतं.

पण काही हल्ल्यांना नेमका पत्ता लागतच नाही. ‘हे पान माझं, तर त्याच्या शेजारचं पान कर्नल पुढे कुणाला देईल?’ एवढं कळलं तरी पुरतं.

२०१६ मधलं ‘ड्रॅमर’ हे याचं ठळक उदाहरण. अॅमस्टरडॅमच्या व्रिजे विद्यापीठातल्या संशोधकांनी इतर विद्यापीठांसोबत हे काम केलं. रॅममधल्या एका ओळीवर पुन्हा पुन्हा वाचनाचा मारा केला की शेजारच्या ओळीतले बिट उलटू शकतात. या दोषाला ‘रोहॅमर’ म्हणतात. संशोधकांनी अँड्रॉइड फोनवर आधी असे कच्चे ठिकाण शोधले. मग मोठे, मधले, लहान तुकडे ठरावीक क्रमाने मागून आणि परत करून कर्नललाच त्याचा महत्त्वाचा तक्ता त्या कच्च्या जागी ठेवायला भाग पाडलं. बडी अॅलोकेटर पुढे काय करणार, हे त्यांना आधीच ठाऊक होतं. परिणाम? कोणतीही परवानगी न मागणाऱ्या साध्या अॅपला काही फोनचा संपूर्ण ताबा मिळाला. गुगलने नोव्हेंबर २०१६ च्या सुरक्षा अपडेटमध्ये यावर पहिले उपाय केले.

पानं पिसली की असा अंदाज बांधणं अवघड होतं. कर्नलच्या सुरक्षेवर काम करणारे कीस कुक यांनी या कारणासाठीही बदलाला पाठिंबा दिला होता. पण मर्यादा लक्षात घ्यायला हवी. ४ एमबीच्या गठ्ठ्याच्या आतला क्रम तसाच राहतो. त्यामुळे ड्रॅमरसारखा हल्ला एकट्या पिसाईने थांबेल, असं म्हणता येत नाही. दाराला अनेक कड्या असतात, त्यातली ही एक छोटी कडी.

इतकं उपयोगी आहे तर सगळीकडे चालू का नाही?

कारण ते सगळ्यांना फायद्याचं नाही. वर सांगितलेल्या चाचण्यांमध्येच मोंगोडीबी या डेटाबेसची चाचणी होती. तिच्यात टकरींच्या प्रमाणात फरक दिसला नाही आणि एका बाबतीत कामाचा वेग ७ टक्क्यांनी घटला. अशी कॅश नसलेल्या मशीनवर काही कामं सुधारली, काही बिघडली.

म्हणून लिनक्समध्ये ही सोय असली तरी ती आपोआप चालू होत नाही. सर्व्हर सांभाळणाऱ्याला मशीन सुरू होताना कर्नलला तशी वेगळी सूचना द्यावी लागते.

साध्या लॅपटॉपवर कुणी ‘ही सेटिंग लावा, कॉम्प्युटर पळायला लागेल’ असं रीलमध्ये सांगत असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नका. पिसल्याने रॅम वाढत नाही, साफही होत नाही. मोबाईलच्या सुरक्षेसाठी खरा उपाय नेहमीचाच : आलेलं सुरक्षा अपडेट टाळू नका आणि कुठूनही अॅप उतरवू नका.

याचा रत्नागिरीशी काय संबंध?

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने दापोली, मंडणगडला झोडपलं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीच्या पुरात चिपळूण बुडालं. अशा वेळी इशारा काही तास आधी मिळतो की नंतर, यावर दुकानातला माल, गोठ्यातली जनावरं आणि माणसांचे जीव अवलंबून असतात. बोट समुद्रात न्यायची की नाही, हेही मच्छीमार याच अंदाजावर ठरवतात.

हे अंदाज महासंगणकांवर तयार होतात. पुण्यात प्रत्यूषनंतर ११.७७ पेटाफ्लॉप्सचा ‘अर्क’ आला. २६ सप्टेंबर २०२४ रोजी त्याचं उद्घाटन झालं. मे २०२५ मध्ये सुरू झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ ६ किलोमीटरच्या चौकोनांत अंदाज देते. त्याआधीच्या मॉडेलचे चौकोन १२ किलोमीटरचे होते. चौकोन जितके बारीक, तितका हिशेब जास्त आणि मेमरीवरचा ताणही जास्त.

नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या पहिल्या ५०० महासंगणकांच्या यादीतलं प्रत्येक मशीन लिनक्सवर चालतं. आणि बहुतेकांच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्स कर्नलच आहे. म्हणजे पुण्यात अंदाज तयार करणारं मशीन असो की रत्नागिरीत तो दाखवणारा फोन, दोन्हीकडे पानं वाटण्याची मूळ रीत एकच, बडी अॅलोकेटरची. पिसायची सोय कुठे चालू करायची आणि कुठे नाही, हे मात्र त्या त्या मशीनचं काम बघून ठरवावं लागतं.